दुधाचा सुळा

उंची जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. बांधा सडपातळ, टोकाकडे किंचित मागे वळलेला. वर्ण दुधाळ, आणि उन्हात पाहिलं तर कडेने आरपार दिसेल इतका पातळ. पत्ता : तिळीचा वरचा जबडा, डावा कोपरा. पेशा : टोचणे. याखेरीज आयुष्यात त्याने दुसरं काही केल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

तिळी हे गिरणीमागच्या कुत्रीचं पिल्लू. संक्रांतीला घरात आली म्हणून तिळी, आणि नाकावर तपकिरी ठिपके होते म्हणूनही तिळी. तिचं कौतुक करणारे घरात पुरेसे आहेत. तिच्या झोपेचे, जांभयांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज जातात. जांभईत सुळा दिसायला हवा खरा, पण दिसते ती जीभच. एरवी तोंड उघडं असायचं तेव्हा फोटो काढायला कुणाचा हात मोकळा नसायचा, कारण तो त्या तोंडात असायचा. त्यामुळे या गृहस्थाचा धड फोटो एकही नाही. शब्दांवरच भागवायला हवं.

कुटुंब मोठं. तिळीच्या तोंडात तेव्हा 28 दात होते. पुढे वर सहा आणि खाली सहा पटाशीचे, मागे दोन्ही अंगांना वर-खाली तीन-तीन उपदाढा, आणि कोपऱ्यांवर चार सुळे. मोठ्या कुत्र्याला 42 असतात. खऱ्या दाढा दुधाच्या संचात नसतातच, त्या मागाहून येतात. पटाशीचे दात चिमटे काढतात, उपदाढा चघळतात, त्यांच्याबद्दल घरात तक्रार होते पण कुणी किंचाळत नाही. किंचाळायला लावतात ते सुळे. चौघांत पुढारीपण वरच्या डाव्याकडे कसं आलं, सांगता येत नाही. तिळी मान वळवून हात पकडायची त्यात तो आधी पोचत असावा. बाभळीचा काटा कापडात शिरतो आणि निघताना धागा घेऊनच निघतो, तशी त्याची रीत. त्या थंडीत आईच्या एकाही लुगड्याचा काठ शाबूत राहिला नाही.

जन्मवेळ काढायला ज्योतिषी नको. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्याकडे शिव्यांतूनसुद्धा शिकवलं जातं. कुत्रीचे दिवस साधारण 63. भाद्रपदात गाभण राहिली की कार्तिकात, दिवाळीच्या पुढेमागे विते. आकाशकंदील उतरवायच्या सुमाराला गल्लीतल्या आडोशाआडोशांतून कुईकुई ऐकू येते ती म्हणूनच. गिरणीवाली (तिला दुसरं नाव नाही, पिठाच्या गिरणीमागे राहते ती गिरणीवाली) मोडक्या हातगाड्याखाली व्याली. पिल्लं जन्मतात ती आंधळी, बहिरी आणि बोळकी. डोळे उघडतात दुसऱ्या आठवड्यात. दात तिसऱ्या आठवड्यापासून फुटायला लागतात आणि सुळे पहिल्या तुकडीतच असतात. म्हणजे आमचा नायक कार्तिक सरता सरता हिरडीबाहेर आला. दत्तजयंतीपर्यंत बाकीचं कुटुंबही बहुतेक हजर झालं होतं.

आईला यात योग दिसतो. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आलेली. आमच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीत ती चौघं तोंड मिटून, वर बघत, शहाण्यासारखी उभी आहेत. धाकटीने विचारलं, "आजी, ती का नाही चावत?"

"त्यांचं शिक्षण झालंय," आई म्हणाली.

आमच्या सुळ्याचं शिक्षण हातगाड्याखाली, तो बाहेर आला त्याच आठवड्यात सुरू झालं. पहिली मास्तरीण गिरणीवाली स्वतः. आजवर बोळक्या तोंडाने ओढणारं पिल्लू एक दिवस दाताने ओढतं. ती दचकून उठायची. पिल्लं आचळांना लोंबकळलेली तशीच दोन पावलं फरफटत जायची आणि एकेक करून गळून पडायची. ती गुरगुरायची क्वचित. बहुतेक वेळा नुसती उठून जायची आणि काही वेळाने परत यायची. त्या टोचण्यानेच ती हळूहळू कमी वेळ बसू लागली, आणि पिल्लं कुंडाळ्यातल्या भाकरीच्या काल्याकडे वळली. दूध तोडण्याचं काम दुधाच्या दाताकडेच दिलेलं असतं.

दुसरे मास्तर भावंडं. पिल्लं एकमेकांशी झोंबायला लागतात ती याच वयात. खेळाला आमंत्रण द्यायची त्यांची ठरलेली खूण आहे : पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची, मागचा भाग वर, शेपूट हलती. आता जे होईल ते खरं धरू नकोस, असा त्याचा अर्थ. मार्क बेकॉफ या अमेरिकन अभ्यासकाने अशा झटापटींच्या चित्रफिती एकेक चौकट थांबवून पाहिल्या. ही खूण केवळ सुरुवातीलाच नव्हे, तर गैरसमज होण्यासारखा चावा घेण्याच्या आगेमागेही कुत्री करतात, हे त्यांनी दाखवलं. मोठं कुत्रं लहानाशी खेळताना मुद्दाम उताणं पडतं, पळताना मुद्दाम सापडतं. इतका सभ्यपणा पाळूनही चूक होते. कान सापडतो, सुळा रुततो, ज्याला रुतला ते कोकलतं आणि खेळ टाकून निघून जातं. चावणारं तिथेच उभं, कान पाडून, खेळायला कुणी नाही. गिरणीमागे मी हे पुष्कळदा पाहिलं. कुणी कुणाला मारत नव्हतं. खेळ बंद, बस्स. आणि पुढच्या फेरीत तोच सुळा तोच कान जरा बेताने धरायचा.

आता मला पडलेला प्रश्न. इतकं धारदार हत्यार इतक्या लेच्यापेच्या जबड्याला कशासाठी? दीड महिन्याच्या पिल्लाला भाकरीचा कडक पापुद्रा मोडताना घाम फुटतो. शिकार त्याला करायची नसते, राखण करायची नसते. पुढे येणारा पक्का सुळा याच्या कितीतरी पट जाड आणि तरीही याच्याइतका अणकुचीदार नाही. मग धार आधी आणि जोर नंतर, ही उलटी व्यवस्था का?

इयन डनबार हे मूळचे ब्रिटिश पशुवैद्य. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियात पिल्लांना मोकळं सोडून एकमेकांशी खेळू देणारे वर्ग सुरू केले. त्यांचं म्हणणं, व्यवस्था उलटी नाहीच. जबड्यात जोर नाही तेव्हाच दुखायला हवं, म्हणून ही धार. दुखलं तर समोरचा ओरडतो. ओरडला की पिल्लाला आपल्या तोंडाचं माप कळतं. हाड फोडण्याएवढा जोर आल्यावर हे माप शिकवायला गेलं तर शिकवणाऱ्याचाच हात जायचा. म्हणून पाच महिन्यांपुरता एक दात नेमलेला, जो दुखवू शकतो पण फारसं बिघडवू शकत नाही. अजिबात न चावणाऱ्या पिल्लाचीच डनबार जास्त काळजी करतात, कारण त्याला माप कळायची संधीच मिळत नाही. निसर्गाने खरंच असा हेतू धरला होता का, यावर वाद घालता येईल. आचळ सोडवायला धार लागते म्हणून ती आली आणि बाकीचा फायदा आयता मिळाला, असंही असेल. मला त्याने फरक पडत नाही. सुळ्याची नेमणूक कुणी का केलेली असेना, काम तो हेच करतो.

आणि आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. पिल्लू महिन्याचं झालं, दुडुदुडु धावायला लागलं की सगळ्यात गोंडस दिसतं, आणि तेव्हाच कुणीतरी ते जाकिटात घालून नेतं. सुळ्याची शाळा भरून जेमतेम आठवडा झालेला असतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं 2017 च्या केंद्रीय नियमांत आहे. रस्त्यावरून फुकट उचलणाऱ्याला नियम कोण विचारतो? अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून 1965 मध्ये ग्रंथ लिहिला. इतरांत मिसळायला शिकण्याचं वय तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचं, हा त्यांचा हिशेब अजून धरला जातो. त्यातले निम्मे आठवडे तरी भावंडांचे असायला हवेत. म्हणून आम्ही हातगाड्याभोवती पोती बांधली, काला नेत राहिलो आणि थांबलो. थांबण्याचीही किंमत असते. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या 364 पिल्लांवर संशोधकांनी लक्ष ठेवलं, तर सातव्या महिन्यापर्यंत त्यातली शेकडा 19 उरली. गिरणीमागचीही सगळी उरली नाहीत.

तर संक्रांतीला सुळा घरात आला तो प्राथमिक शाळा पास होऊन. पण परीक्षा झाली होती कुत्र्यांच्या कातडीवर. माणसाची कातडी हा नवा विषय : केस नाहीत, सैलपणा नाही, आणि आरडाओरडा फार.

त्याच्या आवडीनिवडी ठाम होत्या. हलणाऱ्या गोष्टी आवडत, लोंबणाऱ्या त्याहून जास्त. पायजम्याची नाडी, पदर, दप्तराचा पट्टा, फरशी पुसायचं फडकं. केरसुणीवर त्याचं प्रेम होतं की वैर, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. चपलांत चामडी चप्पल पहिली, रबरी नाइलाज म्हणून. दारातल्या ढिगातून पाहुण्यांची कोल्हापुरी नेमकी ओळखण्याचं ज्ञान त्याला उपजत असावं. या सगळ्याच्या वर पायाची बोटं. ती हलतात, गरम असतात आणि चावलं की वरून आवाज येतो, एवढे गुण एका वस्तूत कुठे मिळणार? नावडत्या गोष्टी कमी : कडक ब्रेड, आणि आपल्याकडे कुणी न बघणं.

वेळ दिवेलागणीची. दिवसभर बऱ्यापैकी सभ्य असणारी तिळी त्या अर्ध्या तासात अंगात आल्यागत घरभर धावायची आणि सुळा दिसेल त्यावर तुटून पडायचा. आई शुभं करोति म्हणत बसली की तिचा अंगठा त्याला हमखास दिसायचा. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनी दाताबद्दल काही विचारलंच नाही. "दुपारी झोपते का ही?" म्हणाल्या. दुपारी कसली झोपते! शाळा सुटली की गल्लीतली सगळी पोरं तिला बघायला यायची. "या वयात दिवसाचे अठरा तास झोप लागते. ती मोडली की संध्याकाळी चावणारच." मग दुपारी दार लावून घ्यायचं ठरलं, पोरांनी खिडकीतून बघायचं. दिवेलागणीचा तमाशा निम्म्याने तरी उतरला. सुळ्याच्या पापांतली किती तरी पापं नुसती जागरणाची होती.

त्याची कीर्ती पसरली तसे उपाय सांगणारे येऊ लागले. समोरचे काका नाकावर टिचकीचे पुरस्कर्ते. त्यांनी ती मारूनही दाखवली. दूधवाल्याच्या मते तोंड दोन्ही हातांनी आवळून धरावं. मामांचं म्हणणं, मानगूट धरून उताणी पाडा, वर हात ठेवा, घरात मालक कोण ते एकदा कळू दे. शेजारच्या वहिनींनी कडुनिंबाचा रस वाटून आणला, हातांना चोळायला. तो तिळीने आवडीने चाटला. टिचकीचं म्हणाल तर नाकाकडे झेपावणारा हात एक तर मारायला येतो किंवा खेळायला. दोन्हींचं उत्तर पिल्लाकडे एकच, आणि ते सुळाच देणार. मामांचा मालकीचा सिद्धांत लांडग्यांवरून आलेला. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने तो फार गाजवला, आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यांनी स्वतःच तो मोडीत काढला : कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे कुणी कुणाला गादीवरून खाली खेचत नसतं. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लांडग्याचं राहू द्या. माझा टायगर तीन दिवसांत सरळ झाला होता." टायगर मामांच्या घरी कुणाचाही हात वर गेला की टेबलाखाली जायचा, हे त्या घरी जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

डनबारांच्या पद्धतीत क्रमाला महत्त्व. आधी जोर कमी करायचा, चावणं बंद करायचं ते त्यानंतर. पहिल्याच दिवशी 'दात लावायचाच नाही' असा फतवा काढला तर माप शिकायचं राहून जातं, आणि पुढे कधी शेपटीवर पाय पडला, दार आपटलं, तर ते न शिकलेलं माप एकदम बाहेर येतं. म्हणून हात तोंडात गेला आणि चावा हलका असला तर खेळ चालू. कळ आली की हात ढिला सोडायचा, ओढून घ्यायचा नाही, कारण पळणारी वस्तू सुळ्याला सोडवत नाही. मग खेळ बंद, अर्धा-एक मिनिट. काही दिवसांनी मघाशी चालत होता तो चावाही जोराचा धरायचा. असं खाली खाली आणत शेवटी कातडीला दात लागला की खेळ संपला, इथवर यायचं. हे सगळं साडेचार महिन्यांच्या आत, म्हणजे आमच्या पंचांगात शिमग्यापर्यंत.

चावल्यावर पिल्लासारखं ओरडावं, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. काही पिल्लांना ते लागू पडतं. काहींना ओरडणं ऐकून आणखी चेव येतो, आणि तिळी या दुसऱ्या वर्गातली. धाकटी ओरडायची आणि पळायची, म्हणजे सुळ्याला एका वेळी दोन मेजवान्या. तिला "झाड हो" असं शिकवायला लागलं : हात बगलेत, पाय रोवलेले, तोंड मिटलेलं, नजर वर. सात वर्षांच्या मुलीला झाड व्हायला जितका त्रास झाला, तितका पिल्लाला शिकायला झाला नाही.

आईला काहीच शिकवावं लागलं नाही. ती पहिल्यापासून तेच करत होती. सुळा पदराला लागला की ती जिथे असेल तिथे थांबायची. रागवायची नाही, बघायची नाही. हातातलं पातेलं हातातच. तिळी दोन-चार हिसके द्यायची, मग कंटाळून सोडायची, सोडल्याबरोबर आई तिच्याशी बोलायची, "हां, आता बघ कशी शहाणी." एखादे दिवशी फारच झालं तर स्वयंपाकघरात जाऊन दाराची कडी लावून घ्यायची आणि जरा वेळाने काही घडलंच नाही अशी बाहेर यायची. गिरणीवालीची पद्धत ती हीच. आई गिरणीमागे कधी गेलेली नाही.

बिघडवणारा एकच होता, दादा. माझा मोठा भाऊ शनिवारी पुण्याहून साताऱ्याला येतो. सोफ्यावर बसून पंजाने कुस्ती खेळायला त्याला फार आवडतं, आणि सुळ्याला तर त्याहून. दादाचा हात राठ आहे, त्याला काही लागत नाही. तिळी तोंडात मनगट धरून झुलायची, दादा हसायचा, आठवडाभराचा अभ्यास सोफ्यावर सांडायचा. आईने शेवटी सुनावलं, "अरे, तू रविवारी जातोस. हात आमचे राहतात इथे." मग दादाने जुन्या जीनच्या पट्ट्या फाडून तीन पदरी वेणी घातली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. खेळायचं ते वेणीशी. तिळीला दात लावायला वेणी, दादाला ओढायला वेणी. घरात सगळ्यांत कष्टाने दादा सुधारला.

याच सुमाराला सुळ्याच्या स्वभावात काहीतरी बदललं. आधी तो यायचा तो थेट आत. आता बोट तोंडात गेलं की त्याचं टोक कातडीवर टेकलेलं कळायचं, नेमकं कुठे टेकलंय तेही कळायचं, आणि पुढे काही व्हायचं नाही. जबडा तसाच उघडा, शेपूट हलती, डोळे आमच्या तोंडाकडे. चुकून दाबलं गेलं तर जीभ लगेच तिथे यायची. टोचण्यासाठीच घडलेल्या वस्तूने न टोचणं शिकावं, यात मला त्याचा मोठेपणा वाटतो. धार एक केसभर कमी झाली नव्हती. खाटेच्या पायावर ती तशीच चालू होती.

त्याच्याबद्दल एवढ्या लाडाने लिहिताना एक गोष्ट मात्र लाडाची नाही. पिल्लाला रेबीजची लस टोचतात ती तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर त्याने काढलेला रक्ताचा प्रत्येक थेंब मोजायचा असतो, मग ते घरात वाढत असलं तरी. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाला दोन महिन्यांत कोण चावून गेलं, ते त्याची आईसुद्धा सांगू शकत नाही. 'पिल्लू आहे, त्याच्या दाताने काय होतंय' असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी भांडले आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. दिसण्याआधी, वेळेवर लस घेतली तर वाचतो. धाकटीच्या मनगटावर रक्त आलं तेव्हा आईचा हात सवयीने हळदीच्या डब्याकडे गेला. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच : साबण आणि नळाचं वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा धसका आईच्या पिढीच्या मनातून अजून गेलेला नाही. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात, आणि धाकटीच्या मते ती सुई सुळ्यापेक्षा कमी दुखते.

माघ सरता सरता कुटुंब पांगायला लागलं. आधी पटाशीचे गेले. जीनच्या वेणीवर रक्ताचे ठिपके दिसले, तिळीच्या तोंडाला वास येऊ लागला, हिरड्या लाल. त्या दिवसांत पुन्हा सगळं घर चघळलं गेलं, पण ते खेळण्यातलं चावणं नव्हतं, हिरड्या शिवशिवत होत्या. ओली वेणी फ्रीजरमध्ये ठेवून द्यायची, गार गाजर द्यायचं. हाडं चघळायला द्या, असं काका सांगून गेले, पण शिजलेल्या हाडाच्या सळ्या होतात आणि घशात अडकतात, म्हणून ती दिली नाहीत. त्याच महिन्यात धाकटीचेही पुढचे दोन दात पडले. आईच्या हिशेबाने दुधाचा दात शेणात गुंडाळून कौलांवर टाकायचा असतो. कौलं राहिली नाहीत आणि शेणासाठी कुठे जाणार? कुंडीतल्या चिखलात गुंडाळून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर टाकले. तिळीचे दातही तिथेच टाकायचे, असा धाकटीने नियम केला. पिल्लं बहुतेक दात गिळून टाकतात हे तिला मान्य नव्हतं. ती बॅटरी घेऊन सोफ्याखाली शोधायची.

आमचा नायक सगळ्यांत शेवटी निघणाऱ्यांतला. शिमगा झाला, पाडवा झाला, तो जागेवरच. पण आत सुरुंग लागलेला होता. पक्का सुळा हिरडीतून पुढे सरकतो तो दुधाच्या दाताचं मूळ विरघळवत. वरच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या पुढ्यात उगवतो, आणि काही दिवस एकाच जागेवर दोघं दिसतात : मागे आमचा सडपातळ म्हातारा, पुढे पांढरा शुभ्र, जाडजूड, अजून अर्धाच बाहेर आलेला वारस. वारसाला पाहून मला पहिल्यांदा थोडी भीती वाटली. याच्यामागे जो जबडा येतोय तो खराच जबडा आहे. तिळीने वेणी धरली तर आता दादाला उठून उभं राहावं लागतं. त्याच तोंडाने ती आईच्या हातातून शेंगदाणा घेते तेव्हा आईच्या बोटाला फक्त ओल लागते.

चैत्रातल्या एका सकाळी डाव्या कोपऱ्यात वारस एकटाच होता. जुना कुठे गेला कळलं नाही, बहुधा भाकरीबरोबर पोटात. धाकटीने सोफ्याखाली, खाटेखाली, केरातसुद्धा पाहिलं, आणि टाकीवर टाकायला काही नाही म्हणून दिवसभर कुणाशी बोलली नाही.

उजवा अजून आहे. हलतो पण सुटत नाही, आणि शेजारी पक्का येऊन उभा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका जागेवर दोन दात फार दिवस ठेवायचे नाहीत, नवा वाकडा येतो, मधे अन्न अडकतं. लहान जातींच्या कुत्र्यांत हे नेहमीचं, आपल्या गावठी कुत्र्यांत कमी. अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार दिलाय. तोवर पडला नाही तर भूल देऊन काढतील. तो दात आपल्यालाच द्यायचा, असं धाकटीने त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलंय. दादाचं मत, भूल वगैरे काही लागत नाही, शनिवारी वेणीला दोन हिसके दिले की काम होईल. डॉक्टरीणबाईंनी ओढाओढीला सक्त मनाई केलीय, हे त्याला फोनवर दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा आईने फोन घेतला आणि या शनिवारी येताना जीनची पँट घालूनच येऊ नकोस म्हणाली.